चौकटीतली पहिली बायको

फोटोची चौकट आज पुन्हा भिंतीकडे तोंड करून उभी होती. तपकिरी पुठ्ठ्याची पाठ, तो पुठ्ठा धरून ठेवणारी पितळी पत्ती, दुकानदाराने चिकटवलेल्या किमतीच्या चिठ्ठीचा अर्धवट फाटलेला कोपरा — एरवी कुणाच्या नजरेला पडू नये ते सगळं खोलीकडे पाहत होतं, आणि तिचा चेहरा भिंतीकडे. शेजारचं घड्याळ जागच्या जागी. सुकलेल्या फुलांची बरणी जागच्या जागी. लेकीचा शाळेतला फोटो खोलीकडे बघत हसत असलेला. फिरवलेला होता तो फक्त तिचा, आणि तोही या आठवड्यात तिसऱ्यांदा.

तिने चौकटीला लगेच हात लावला नाही. आधी फळीच्या पातळीला डोळा लावून पाहिलं, उतार नव्हता. फळीखालचा फ्रिज चालू-बंद होताना थरथरतो हे खरं, पण थरथरीने वस्तू सरकते, फार तर किंचित तिरपी होते. अर्धा वेढा पूर्ण घेऊन नेमकी भिंतीला समांतर होऊन थांबत नाही. पहिल्या खेपेला तिने धूळ पुसणाऱ्या स्वतःच्याच हाताला दोष दिला होता. दुसऱ्या खेपेला योगायोगाला. योगायोग या शब्दावर तिचा राग नव्हता, जगातल्या बऱ्याच गोष्टी त्याच सदरात पडतात. पण त्यालाही काही मर्यादा असते, आणि ती मर्यादा आज सकाळी, तोंड धुऊन बाहेर येताना, ओलांडली गेली होती.

म्हणजे हात. कुणाचा तरी हात.

काल तिने नवऱ्याला विचारलं होतं. तो बंद केलेल्या सज्जातल्या आपल्या कामाच्या टेबलाशी बसला होता. दंतवैद्यांना लागणाऱ्या दातांच्या टोप्या आणि कवळ्या तो घरीच बनवतो. समोर कुणाकुणाच्या जबड्यांचे प्लॅस्टरचे साचे आ वासून मांडलेले असतात.

"फोटो कुणी फिरवला रे?"

"कुठला फोटो?"

एवढंच. ती उत्तराकडे पाहत राहिली होती... ज्याने फिरवला नाही तो 'मी नाही' म्हणतो. की ज्याने फिरवला तोच 'मी नाही' म्हणतो, आणि ज्याला खरोखर काही ठाऊक नाही तो 'कुठला फोटो' विचारतो? दोन्ही बाजूंनी तितकंच पटत होतं. म्हणजे पुरावा म्हणून त्या उत्तराची किंमत शून्य. पण रात्रभर तिच्या डोक्यात घोळत राहिलं ते उत्तर नव्हतं, उत्तर देताना त्याने मान वर न करणं होतं.

आणि तिला दुसरंही काही ठाऊक होतं. चौकट भिंतीकडे फिरवली की पुढे काय होतं, ते या घरात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिने पर्समधून चपटी डबी काढली. रंगवायच्या मऊ कुंचल्याने डबीतली भुकटी चौकटीच्या पाठीला, दोन्ही कडांना, जिथे बोटं टेकल्याशिवाय ती फिरवताच येणार नाही तिथे, हलकेच लावली. फुंकर मारून जास्तीची उडवली. काही दिसत नव्हतं. कोरडी असताना ही भुकटी बारीक मिठाहूनही बारीक असते, पण पाण्याचा थेंब लागायचा अवकाश, फुगते, पांढरी होते, कणीदार, मऊ. तान्ह्या मुलांच्या लंगोटांत ओल शोषायला घालतात तीच. तिच्या कामावर तिला बर्फ म्हणतात.

मग तिने चौकट सरळ केली. स्वतःचे हात कोरड्या फडक्याने पुसले. घरात सगळे जेवणाआधी एकाच बेसिनवर हात धुतात. संध्याकाळी ज्याच्या हातावर बर्फ पडेल त्याने फोटो फिरवलेला असेल. प्रयोग साधा होता, आणि साध्या प्रयोगांवर तिचा विश्वास होता. कुंचला आणि डबी तिने पर्समध्ये परत टाकली.

जिना उतरल्यावर रस्त्याच्या कोपऱ्याला बेकरी. नवी, नवी म्हणजे या वर्षातलीच. चालवणारी बाई कोपरापर्यंत पिठाने माखलेल्या हातांनी काचेआडून ट्रे सरकवत होती. गालावरही पीठ. तिला पाहून ती दारापर्यंत आली.

"ताई, तुमच्या दातवाल्यांना सांगा हं, आज मनुकांचा पाव आहे. दुपारी येतील ना?"

"मला नाही माहीत."

"येतात हो. अन् काल तुमची लेक काय हसत होती! पोट धरून. मी म्हटलं, अगं, पडशील."

"कशाला हसत होती?"

"ते बाबा काहीतरी सांगत होते दातांचं. मला कुठलं कळायला, मीच हसत सुटले." ती पुन्हा हसली. तिचे दात चांगले होते.

बेकरी. अर्थातच बेकरी... ती चालत राहिली. तिच्या कामावर बनतात त्या नाताळाच्या कुठल्याही सिनेमात आधी बेकरी असते, क्वचित फुलांचं दुकान, पण शंभरात नव्वदांत बेकरीच, कारण पीठ गालाला लागतं आणि गालाचं पीठ पुसायला कुणाचा तरी अंगठा लागतो. विधुर असतो, हातांनी काहीतरी बनवणारा — सुतार, खेळणीवाला. दात बनवणारा अजून कुणी लिहिला नव्हता, पण लिहायला हरकत नव्हती. आणि त्याला एक मुलगी असते, सात-आठ वर्षांची, दोघांपेक्षा शहाणी. ती मुलगीच दोघांना जवळ आणते. ती नसती तर विधुर आयुष्यभर रंधा मारत बसला असता.

ठरलेला साचा कुठल्याही आयुष्यावर बसतो, म्हणून तर तो साचा. भविष्यवाल्याचं बोलणं जसं प्रत्येकाला आपल्याबद्दलच वाटतं, तसं. हे तिने स्वतःला अगदी स्पष्ट शब्दांत सांगितलं, बसमध्ये उभी राहून, दांडीला धरून. पटलंही. छातीतलं मात्र काही हललं नाही.

स्टुडिओच्या आवारात ऊन मी म्हणत होतं आणि उन्हात नाताळ उभा होता. कापडी भिंतींची घरं, प्लॅस्टिकची सूचिपर्णी झाडं, खिडक्यांतून दिवे. लोकरीचे डगले घातलेली माणसं हातपंखे तोंडाशी धरून घाम सुकवत होती. टीव्हीवरच्या नाताळासाठी हे सिनेमे इथे वर्षभर बनतात, पाव भाजावेत तसे, एकामागून एक. तिचं काम बर्फाचं. पूर्वी ती पाण्याच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत होती. शहराच्या नळांत काय काय आहे ते सांगायची. प्रयोगशाळा बंद पडली तेव्हा कुणीतरी म्हणालं, रसायनं कळतात ना तुला, मग बर्फ कर. तिने केला. जमिनीवर कागदाचा लगदा, पडणारा साबणाच्या फेसाचा, हातावरचा भुकटीचा. फेसाचं यंत्र मोठा आवाज करतं, म्हणून ते चालू असताना कुणाला बोलता येत नाही. म्हणूनच शेवटी, बर्फ पडू लागला की, ती दोघं काही बोलत नाहीत, नुसती एकमेकांकडे पाहतात. प्रेक्षकांना ते मौन फार आवडतं.

ती पटकथा वाचत नाही. लागत नाही. नायिका मोठ्या शहरातून येते तेव्हा जमिनीवर थोडा. झाड आणायला जातात तेव्हा घोट्यापर्यंत. गैरसमज होतो त्या प्रसंगात अजिबात नाही, त्या वेळी रस्ता ओला आणि काळा हवा. आणि मग फोटो, आणि फोटोनंतर भरपूर.

"बर्फबाई!" कलादिग्दर्शक लांबूनच ओरडला. थोराड, दाढीवाला, सदान्‌कदा काहीतरी चघळणारा माणूस. "या, या, कैलासवासी! तुमच्याच प्रसंगाची तयारी चाललीय."

"या खेपेला कशाने मेले मी?"

"ते कुठे लिहितात? 'ती गेल्यापासून' एवढंच असतं. कशाने म्हटलं की दुखणं आलं, औषधं आली. चॅनेलला नको असतं. मरायचं, पण आजारी पडायचं नाही."

तो हसला, तीही हसली. पहिल्या सिनेमाच्या वेळी नायकाच्या मेलेल्या बायकोचा म्हणून ज्या नटीचा फोटो यायचा होता तो आलाच नव्हता. सगळे खोळंबलेले, आणि दाढीवाल्याने तिच्या फोनमधला एक फोटो पाहून म्हटलं होतं, हाच द्या, दोन सेकंद तर दिसतो. दोन सेकंदांचा तो फोटो नंतर पुढच्या सिनेमात गेला, त्याच्या पुढच्यात. आता ती ज्या ज्या घरात मेलेली आहे त्या सगळ्यांचा हिशेब कुणी ठेवत नाही. मूळ फोटो घरी, फळीवर. तोच.

"पण माझाच का?" तिने आज पहिल्यांदाच विचारलं. "इतक्या नट्या आहेत."

दाढीवाल्याने चघळणं थांबवलं. चौकट दिव्याकडे धरून तो बघू लागला, तिच्याकडे नाही, फोटोकडे. "खरं सांगू? हसरी बाई लावली की प्रेक्षकाला वाटतं, अरेरे, हिला विसरून हा दुसरी करतो. रडवी लावली तर ती कटकटी वाटते. तुझं कसं आहे... तू बघतेस. तपासल्यासारखी. ही बाई घरात असताना नवऱ्याला खोटं बोलता येणार नाही, असं वाटतं. म्हणून तो जेव्हा फोटो फिरवतो ना, तेव्हा प्रेक्षक सुटतो. हुश्श करतो. चॅनेलवाले लोकांना बसवून मोजतात म्हणे. नेमकं तिथे सगळे श्वास सोडतात."

"फिरवतोच का पण? फोटो राहिला तिथे तर काय बिघडलं?"

"अगं, पहिली बघत असताना दुसरीबरोबर कसा हसेल तो? माणूस आहे."

तो फोटो काढला त्या दिवशी ऊन तळ्यावरचं होतं, डोळ्यांवर येणारं. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. नवरा काठावर उलटा चालत, हातात कॅमेरा धरून सांगत होता — म्हणतात या तळ्याला तळच नाही, एकदा एकाने दगड बांधून दोर सोडला, सोडतोय, सोडतोय, गावातले सगळे दोर संपले... आणि ती म्हणाली होती, "कशावरून?" त्याच क्षणी त्याने बटण दाबलं. फोटोत तिचं तोंड 'न'वर मिटत आलेलं आहे. किलकिले डोळे, एक भुवई किंचित वर. तिचं म्हणणं बरोबर होतं. त्या तळ्याची खोली सरकारी नकाशात दिलेली होती, तिने घरी आल्यावर काढून दाखवली. दोराच्या गोष्टीचा शेवट काय होता ते तिने विचारलं नाही, आणि त्याने सांगितला नाही.

"शांतता!" सेटवर कुणीतरी ओरडलं.

नायक आला. उंच, कनवाळू चेहऱ्याचा. भिंतीतल्या शेकोटीच्या वरच्या फळीशी उभा राहून त्याने तिचा फोटो हातात घेतला, अंगठ्याने काचेवरून तिचा गाल पुसला, आणि त्याचे डोळे खरोखर भरून आले. कौशल्य होतं ते, पण अश्रू हे अश्रूच, त्यातलं मीठ खरंच असतं. मग हळूच त्याने चौकट फळीवर ठेवली. भिंतीकडे तोंड करून. खांदे सैल झाले त्याचे. बाहेरून पोरीने हाक मारली, तो वळला, आणि हसला... असा हसला की यंत्रापाशी उभ्या असलेल्या तिच्या छातीतूनही श्वास सुटला, मोजणाऱ्यांनी मोजावा असा.

"बर्फ!" हुकूम आला. तिने खटका दाबला. यंत्र गरजू लागलं, आणि तिच्या मरणावर पांढरं पांढरं पडत राहिलं.

प्रसंग संपल्यावर नायक घाम पुसत तिच्या अंगावरून जवळजवळ चालूनच गेला. "जरा बाजूला हं, बाई," तो म्हणाला, अगदी सभ्यपणे. ज्या चेहऱ्यासाठी तो आत्ता रडला होता तो हातभर अंतरावर होता. त्याने ओळखला नाही.

परतीच्या बसमध्ये ती पुराव्यांची मांडणी करत बसली. नवरा पूर्वी काम करताना गुणगुणायचा. आता गुणगुणत नाही, निदान ती घरी असते तेव्हा नाही. पूर्वी जेवताना बोलायचा. कधीपासून बंद झालं? असं काही ठरावीक दिवशी बंद झालं नव्हतं, नळाचं पाणी हळूहळू कमी होत जावं तसं... शेवटचं तिला आठवत होतं ते एका साच्याचं. त्याने कुणा म्हातारीच्या जबड्याचा साचा टेबलावर आणून ठेवला होता आणि लेकीला सांगत होता, बघ, ही बाई आयुष्यभर हसली, दात कसे झिजलेत बघ हसून हसून. "कशावरून?" ती म्हणाली होती. "चावण्याने झिजतात दात. फार तर रात्री दात खाण्याने. हसताना दातावर दात घासतच नाही." तिचं म्हणणं बरोबर होतं. तो म्हणाला होता, "असो." साचा उचलून परत सज्जात घेऊन गेला होता. त्यात न बोलण्यासारखं काय होतं? आणि दुपारी रोज खाली पाव आणायला जातो. आणि लेक तिथे पोट धरून हसते. आणि फोटो फिरतो.

हे सगळे बिंदू एका रेषेत बसत होते. इतके नीट बसत होते, की प्रयोगशाळेत असती तर तिने आकड्यांवर संशय घेतला असता.

आणि समज, बसलेच? संध्याकाळी त्याच्या बोटांवर बर्फ आला तर मी काय करणार? ओरडणार? कैलासवासी बाईने काय करायचं असतं ते कुठल्याच सिनेमात दाखवलेलं नाही. ती फक्त फळीवर असते. तिला तिथेच ठेवून लोक बाहेर जातात, जिथे आवाज इतका असतो की बोलावं लागत नाही.

दार नणंदेने उघडलं. नवऱ्याची धाकटी बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहते. संध्याकाळी भाचीबरोबर टीव्ही बघायला येते आणि पुढचं सगळं आधीच सांगून टाकते. पडद्यावर नाताळ चालूच होता.

"या वहिनी! अगदी वेळेवर. आत्ताच तुम्ही येऊन गेलात." तिने पडद्याकडे बोट दाखवलं. "काय मेलं नशीब, आमची वहिनी घरोघरी जाते, पण मेलेली."

"आत्या, गप ना, आता बर्फ पडणारे," लेक म्हणाली. घरात तिला बारकी म्हणतात. ती पडद्यापासून हातभर अंतरावर मांडी घालून बसली होती, ओठ पात्रांच्या ओठांबरोबर हलत होते.

तिने फळीकडे पाहिलं. पितळी पत्ती. पुठ्ठा. चिठ्ठीचा कोपरा.

घड्याळ जागच्या जागी होतं. टेबलावर कागदी पिशवीत मनुकांचा पाव होता, अर्धा संपलेला. सज्जातून यंत्राची बारीक घरघर येत होती, मग ती थांबली, आणि नवरा हात झटकत बाहेर आला. बाहीला प्लॅस्टर, नखांत प्लॅस्टर. सगळे पांढरेच आज... तिच्या मनात आलं. तिने पर्स खाली ठेवली नाही.

"आलीस? जेवायचं ना?"

"हात धू," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखा निघाला. याचं तिला आश्चर्य वाटलं.

तो बेसिनशी गेला. ती मागे, दोन पावलांवर, टॉवेल घेऊन, जसं काही टॉवेल द्यायलाच आली आहे. पाणी सुटलं. त्याने हात पाण्याखाली धरले, बोटं बोटांत घालून चोळली, पालथे केले, पुन्हा उताणे. पांढरं आलं. ती अर्धं पाऊल पुढे सरकली... आणि ते पांढरं पाण्याबरोबर वाहून गेलं, गढूळ, पातळ, प्लॅस्टर. फुगलं नाही, कणीदार झालं नाही. त्याचे तळहात स्वच्छ होते. हातांच्या रेषा, एका बोटावर जुन्या चटक्याचा डाग. हे हात तिने किती वर्षांत असे पाहिले नव्हते.

"काय गं?" तो आरशातून म्हणाला.

"काही नाही."

सुटका वाटायला हवी होती. पण प्रयोग चुकला की माणसाला जे वाटतं तेच आधी वाटलं, बारीकशी निराशा, आणि तिची लाज. टॉवेल त्याच्या हातात देऊन ती वळली. मग नणंद? हात पुरतो तिचा फळीपर्यंत, पण तिने कशाला... आणि तेवढ्यात पाठीमागून, बेसिनशी स्टूल ओढल्याचा आवाज, पाण्याचा आवाज, आणि मग एक किंकाळी. आनंदाची.

"बर्फ! आई! आत्या! बर्फ पडला! माझ्या हातावर!"

बारकी स्टुलावर उभी होती, दोन्ही तळहात ओंजळीसारखे पुढे धरून. बोटांच्या पेरांवर, नखांच्या कडेला, तळहाताच्या घडीत, पांढरे कण फुगत होते, अजूनही फुगत होते. तिने पुन्हा एक बोट पाण्याखाली धरलं; त्याच्यावरही आला. चेहरा असा उजळला होता की बघवत नव्हतं.

"झालं!" बारकी म्हणाली. "झालं आता! बर्फ पडला म्हणजे सगळं नीट झालं."

"काय नीट झालं, बारके?" ती स्टुलाशी खाली वाकली. टीव्ही मागे बोलतच होता. "फोटो तू फिरवलास?"

बारकीने आधी बाबांकडे पाहिलं. मग मान हलवली, हो.

"का गं?"

"तू रागावशील."

"नाही रागावणार."

"कशा—" आणि पोरीने शब्द अर्ध्यावर गिळला. कुणाकडून शिकली होती ते उघड होतं. "बाबा दुपारी गोष्ट सांगतात. दातांची. पाव खाताना. म्हणजे सांगायला लागतात, आणि मग ते तिकडे बघतात, फळीवर, आणि 'असो' म्हणतात. रोज तसंच. मग त्या सिनेमातल्या बाबांना पण हसता येत नाही ना, फोटो बघत असतो म्हणून? ते फिरवतात आणि मग त्यांना येतं. मग मी स्टुलावर चढून फिरवला."

"मग?" तिला तिचाच आवाज ऐकू आला. परीक्षकाचा आवाज. पण थांबता येत नव्हतं. "मग सांगितली गोष्ट?"

"पूर्ण! एका राजाचा दात दुखत असतो ना, ती. मग बेकरीवाल्या मावशींना पण सांगितली. आणि ज्या दिवशी तू सरळ केलास त्या दिवशी नाही सांगितली. परत फिरवला तर परत सांगितली." तिने ओंजळ आणखी पुढे केली, पटवून देण्यासाठी. "मी नीट बघितलंय, आई. तुला विचारणार होते, की मग तू मेलीस का? पण तू तर रोज घरी येतेस."

नणंद उठून दाराशी आली होती. हसायचं की नाही ते तिला ठरवता येत नव्हतं. टीव्हीवर आता कुणीच बोलत नव्हतं, फक्त संगीत.

नवरा टॉवेल हातात घेऊन उभा होता. त्याने काही ऐकलं नसेल असं नाही. पण तो बारकीच्या हातांकडे पाहत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी येऊ लागलं जे तिने बरेच दिवस पाहिलं नव्हतं. तो पुढे झाला, लेकीचं मनगट धरून त्याने त्या फुगलेल्या कणांवर फुंकर घातली.

"माहितीये का, बारके," तो म्हणाला, "हा बर्फ कुठून येतो ते? लांब एका डोंगरावर एक म्हातारी असते. तिला एकही दात नाही. ती जेव्हा जांभई देते ना, तेव्हा..."

त्याची नजर वर आली. तिच्यावर पडली. ती काही बोलली नव्हती. ती नुसती उभी होती, किंचित किलकिल्या डोळ्यांनी, ऐकत. तिचा चेहरा काय करत होता ते तिला आतून दिसत नव्हतं.

"असो," तो म्हणाला. "धू हात. जेवायला बसू."

बारकी आईकडे पाहत राहिली. रागाने नव्हे, काहीतरी तपासून खात्री झाल्यावर माणूस पाहतं तसं. मग तिने नळ सोडला आणि बर्फ धुऊन टाकू लागली. तो सहज जात नव्हता, पाण्याने आणखीच वाढत होता.

तिला बोलायचं होतं. म्हातारीचं पुढे काय झालं, जांभई दिल्यावर काय झालं, एवढंच विचारायचं होतं. प्रश्न जिभेवर होता, पण तो बाहेर पडताना कुठल्या आवाजात पडेल याची खात्री तिला देता येत नव्हती, आणि खात्री नसताना बोलायची तिला सवय नव्हती. टेबलावर ताटं मांडल्याचे आवाज येऊ लागले. खोली तीच होती, उजेड तोच. तिच्या उभ्या राहण्याच्या जागेभोवती मात्र थोडी मोकळी जागा होती, सगळे नकळत ती सोडून चालत होते, आणि ती मोकळी जागा आजची नव्हती.

घरात दुसरी बाई नव्हती. फोटो तिच्या लेकीने फिरवला होता, कारण आई बघत असली की बाबांना गोष्ट पुरी करता येत नाही हे तिच्या लक्षात आलं होतं, आणि यावर तिने पाहिलेला उपाय एवढा एकच होता.